आमची वाटचाल: वाळूच्या रजिस्टरवर चाललेली फाउंड्री

कोल्हापूरचे ओतकाम शिवाजी उद्यमनगरात वाढले, ऑइल इंजिन आणि गुऱ्हाळाच्या घाण्यांच्या कामावर. आमची फाउंड्री त्यानंतरची, शिरोली एमआयडीसीतली. आधी क्युपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) होता, मग विजेवरची इंडक्शन भट्टी आली. माल मात्र तोच राहिला: पंपाचे केसिंग, बेअरिंग हाउसिंग, फ्लायव्हील. ग्रेड बहुतेक एफजी २६०, म्हणजे करडे बीड. भट्टी बदलली, साचे करणारे मोल्डिंग मशीन आले, शेड वाढली. याचे फोटो सगळ्यांकडेच असतात. आमची फाउंड्री टिकली ती वाळूच्या रजिस्टरमुळे, म्हणजे साच्याच्या वाळूच्या रोजच्या नोंदवहीमुळे, म्हणून लिहायचे ते त्याच्याबद्दल.

शिफ्ट सुरू झाली की पहिल्या बॉक्सआधी (बॉक्स म्हणजे वाळू भरून साचा करायची चौकट) मिक्सरखालची वाळू लॅबमध्ये जाते. ५० मिमीचा नमुना, रॅमरचे तीन ठोके. ओलावा ३.२ ते ३.८ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते) ३८ ते ४२ टक्के, ग्रीन स्ट्रेंथ (ओल्या वाळूची ताकद) चौरस सेंटिमीटरला १२०० ते १४०० ग्रॅम, पर्मिएबिलिटी (वाळूतून हवा किती जाते) १२० च्या वर. त्यानंतर दर तासाला ओलावा आणि कॉम्पॅक्टेबिलिटी. आकडा रजिस्टरमध्ये जातोच, शिवाय भिंतीवरच्या तक्त्यावर त्याचा ठिपका पडतो.

ठिपका कशासाठी, ते सांगतो. कॉम्पॅक्टेबिलिटी रोज ४० आहे, पण तेवढी आणायला ओलावा हळूहळू जास्त लागतोय, असे दिसले तर वाळूत मेलेली माती (जळून चिकटपणा गेलेले बेंटोनाइट) आणि बारीक धूळ साठतेय. रोजचा आकडा मर्यादेतच असतो, कुणी ओरडत नाही. आठवड्याचे ठिपके जोडले की चढण दिसते. तेव्हा डस्ट कलेक्टरची बॅग बघायची, नवी वाळू वाढवायची. हे सोडले की पुढच्या आठवड्यात मालावर पिनहोल (वायूची बारीक छिद्रे) येतात आणि सगळे मिळून भट्टीवाल्याला धरतात.

बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) आणि कोल डस्ट (कोळशाची पूड) वाळूत वजनानेच पडते. घमेल्याच्या मापाने टाकले की माणूस बदलला की माप बदलते. मिक्सरमध्ये आधी परतीची वाळू आणि पाण्याचा मोठा भाग, मग बेंटोनाइट, शेवटी उरलेले पाणी. आधी कोरडे बेंटोनाइट टाकून वर पाणी ओतले तर गोळ्या होतात. आकडा बरा दिसतो, साचा मात्र कोपऱ्यात तुटतो. परतीची वाळू ५० अंशांच्या वर असेल तर पाणी मिक्सरपासून मशीनपर्यंत येईतोच उडते. गरम वाळूत पाणी वाढवत बसण्यापेक्षा वाळू थांबवा, थंड होऊ द्या.

धातूकडेही तीच शिस्त. प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला, सीई कप (कार्बन-सिलिकॉनचे प्रमाण बघायला), वेजचा (पाचरीसारखा ओतलेला) तुकडा मोडून चिलची, म्हणजे पांढऱ्या कडक थराची, खोली, पायरोमीटरने तापमान. इनॉक्युलंट (बीड पांढरे, कडक होऊ न देणारी भर) ०.२ ते ०.३ टक्के, कोरडा, लॅडलमध्ये (धातू न्यायच्या बादलीत) पडणाऱ्या धारेत. आठ-दहा मिनिटांत त्याचा जोर उतरतो, म्हणून तेवढ्या वेळात न संपणारे लॅडल आम्ही भरतच नाही. उरलेला धातू पिगमध्ये (पुन्हा वितळवायच्या लाद्यांत) ओततो. त्याची किंमत आम्हाला कळते, तरी ओततो.

आता आमचा सगळ्यात वाईट काळ. आमचा जवळपास निम्मा लोड ज्या पंप कंपनीचा होता, तिच्या परचेसकडे शेजारच्या एका फाउंड्रीने किलोमागे कमी दर दिला. साचा ज्यावरून काढतात ते अॅल्युमिनियमचे पॅटर्न आमच्याकडून उचलून तिकडे नेले गेले. वर पंप कंपनीने ऐकवले ते असे: ‘तुमच्या लॅबचा खर्च आम्ही का द्यायचा?’ लोड अर्धा झाला तरी विजेचा डिमांड चार्ज (मंजूर भारावरचा आकार) कमी होत नाही. भट्टी दिवसाआड चालली की लायनिंग (आतले अस्तर) थंड होऊन तडे जातात, दर वेळी सावकाश तापवावी लागते, ती वीज वेगळी. चांगले मोल्डर गोकुळ शिरगावला निघाले. महिना कसा गेला, हे बँकेच्या हप्त्याला कळत नव्हते.

त्या दिवसांतही तासाची टेस्ट थांबवली नाही. एकच माणूस होता, त्यानेच वाळू तपासली, त्यानेच वेज मोडला. खर्च कापायचा तर कुठून, हे आम्ही ठरवले होते: ऑफिसपासून.

त्या शेजारच्या फाउंड्रीच्या केसिंगवर शॉटब्लास्टची (छर्रे मारून केलेल्या सफाईची) चमक सुंदर होती. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) मात्र ती पाझरायची. कापून बघितले तर कोअरलगत (पोकळीसाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यालगत) पृष्ठभागाखाली ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, आणि भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पॅटर्न परत आले तेव्हा कारण हातात आले. कोअर नीट बसत नाही म्हणून कोअर प्रिंट (कोअर बसायची जागा ठरवणारे भाग) कानशीने घासलेले होते. ढिल्या प्रिंटमध्ये कोअर धातूबरोबर वर उचलतो, भिंत सरकणारच. दोष मात्र ‘जुन्या पॅटर्नचा’ म्हणून आमच्या नावावर सांगितला गेला. दुरुस्ती आम्ही केली, बिल कुणी दिले नाही, दर जुना झाला नाही. त्याचे वाईट आजही वाटते आणि ते लपवायचे कारण नाही.

त्या काळात एक गिऱ्हाईक हलले नाही. सांगलीकडचा छोटा पंपवाला. त्याचा इन्स्पेक्टर आला की कास्टिंगला हात लावण्याआधी रजिस्टर मागायचा, कोरी चौकट शोधायचा. ऑर्डर लहान, पण दर आठवड्याला, आणि पैसे ठरल्या तारखेला. नव्या मुलांना सांगतो, मोठ्या नावापेक्षा असे गिऱ्हाईक जपा आणि तुमच्या बेंटोनाइटवाल्यालाही तसेच तारखेला पैसे द्या. टंचाईत गाडी आधी कुणाकडे वळते ते त्यावर ठरते.

मालकांसाठीही एक गोष्ट. वाईट आकडा लिहिणाऱ्यावर चिडायचे नाही. कोऱ्या चौकटीवर चिडायचे. एकदा आकड्यावरून ओरडलात की दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरमध्ये कालचेच आकडे उतरतात आणि तुम्ही आंधळे होता. स्वतः रोज ठरल्या वेळी तक्त्यासमोर उभे राहा, एक प्रश्न विचारा. महिन्यातून एकदा तासभर भाषण करून ते साधत नाही. नोंद पेनने, चूक असेल तर एक रेघ मारून बाजूला सही.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात धोक्याचा. वाळू हॉपरमध्ये सुकलेली असते, माती जागी झालेली नसते. आदल्या संध्याकाळी थोडे पाणी देऊन ती मिक्सरमधून फिरवून ठेवा, सकाळचे पहिले काही बॉक्स जाड, सोप्या मालाचे घ्या. आणि पावसाळ्यात स्क्रॅप छपराखालीच ठेवा. ओला तुकडा किंवा पाणी साठलेला बंद पाइप वितळलेल्या धातूत गेला तर भट्टी उसळते. चार्जवर, म्हणजे भट्टीत माल टाकायला, उभ्या असलेल्या माणसाने प्रत्येक पाइप उलटा करून बघायचा, दोन्ही टोकांनी बंद असेल तर टाकायचाच नाही, घाई असली तरी.