बैलाची झूल काही वाळेना

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत दारावर येणाऱ्या पोट्ट्यांना आपण बोजारा म्हणून दहा-वीस रुपये देतो, फार तर एक चॉकलेट. यंदा माझ्या डोक्यात आलं की बैलाच्याच आकाराच्या कुकीज द्यायच्या, वर आयसिंगची झूल काढून. कुकीज झाल्या झकास. पण आयसिंग...

खरं रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा आणि आयसिंग शुगर फेटून करतात. पण पोळा म्हणजे श्रावणाची अमावस्या, घरात सासूबाई, अंड्याचं नाव काढायची सोय नाही. मग बिनअंड्याचं. १ कप आयसिंग शुगर, २ छोटे चमचे दूध, तेवढंच लिक्विड ग्लुकोज, ते असलं की चकाकी येते. आणि आयसिंग शुगर म्हणजे आपली पिठीसाखर नाही बरं का, ती अजून बारीक असते आणि गोळे होऊ नये म्हणून त्यात थोडं कॉर्नफ्लोअर असते. मी मागे एकदा मिक्सरमधली पिठीसाखर वापरली होती, झूल नाही, खरूज झाल्यासारखं दिसत होतं.

आता पातळ किती करायचं? कडेची रेघ ओढायला घट्ट लागते आणि आत भरायला सैल. भरायचं आयसिंग असं, की वाटीत चाकूने रेघ मारली तर १०-१५ सेकंदांत ती आपोआप मिटली पाहिजे. मी मोबाईलवर सेकंद मोजून राहिली होती तर आई, म्हणजे सासूबाई, बाजूला उभ्या, म्हणे, "काय मोजतेस वो? पाकाची तार पाहतात तसंच तर आहे." बरोबर बोलल्या. फक्त पाकात बोटं भाजतात आणि इथे गॅसच नाही. त्यांनी एकदा चमचा उचलून धार पाहिली आणि सांगितलं, "अजून दोन थेंब." दोनच थेंब घातले, बसलं नेमकं! घड्याळ ठेवलं बाजूला.

पाइपिंग बॅग नव्हती म्हणून दुधाची पिशवी धुवून मेंदीचा कोन करतात तसा कोन केला. पिवळी झूल छान भरली. काळी करायला गेले आणि एका बैलाची कड ओलांडून आयसिंग जे सुटलं, पाठीवरून पोटावर, पोटावरून ताटात... पोळाच फुटला म्हणा ना! काळा रंग तसाही त्रासाचा. कितीही घाला राखाडीच दिसतो, म्हणून घालतच जातो आपण, आणि तासाभराने बघावं तर आपोआप गडद झालेला.

मे महिन्यात नातीच्या वाढदिवसाला हेच केलं होतं तेव्हा वाटीतच पापुद्रा धरत होता, ओलं फडकं टाकून ठेवावं लागलं. आपल्या नागपूरचा उन्हाळाच तसा. पण भाद्रपदाच्या तोंडावर हवेत एवढी ओल की रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी बोट लावलं तर चिकट. कूलर लावला तर आणखीच दमट. शेवटी ताटं एसीच्या खोलीत नेली आणि आम्ही हॉलमध्ये घामाघूम.

दुपारी पोट्टे आले. धोतर, टोपी, हातात बैलाची दोरी. मारबत, म्हणजे काळ्या-पिवळ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहून आलेला एक जण काळ्या-पिवळ्या कुकीज बघून ओरडला, "काकू, मारबतीचे बैल!" मी काही बोलले नाही. आई मागून पुटपुटल्या, "दात बघ त्याचे." सगळे काळेभोर.