लंडनमध्ये एक दिवस: मोडलेल्या म्युझियमचा माग

सहा महिन्यांच्या सत्रासाठी लंडनला गेलेली आपल्याकडची पोरं पहिल्याच शनिवारी चार म्युझियम्सची यादी काढतात. संध्याकाळी फोनमध्ये सहाशे फोटो जमतात, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू कुठल्या, कुठल्या काळातल्या, हे काही सांगता येत नाही. त्यापेक्षा एक दिवस, दोन म्युझियम्स आणि दहा वस्तू पुरे. पण त्या दहांना एकमेकींशी बांधणारा काहीतरी दोरा हवा.

सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी असा एक दोरा तयारच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं लंडनमध्ये स्वतःचं ‘इंडिया म्युझियम’ होतं, 1801 मध्ये लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या इमारतीत सुरू झालेलं. कंपनी गेली, म्युझियम जागा बदलत राहिलं आणि 1879 मध्ये बंद पडलं. मग घर फुटल्यावर भांडी वाटावीत तशी वाटणी झाली. आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे दगड ब्रिटिश म्युझियमला गेले. कापड, दागिने, टिपू सुलतानाचा लाकडी वाघ असा माल साउथ केन्सिंग्टनला गेला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला (व्ही अँड ए). सकाळी दगड आणि दुपारी कापड पाहिलं, की एका दिवसात या वाटणीची दोन्ही टोकं हाती लागतात.

दुपारच्या कापडासाठी मात्र साउथ केन्सिंग्टनला जायचं नाही. याच म्युझियमचं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस 31 मे 2025 रोजी उघडलं. 2012 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मीडिया सेंटरमधलं ते प्रचंड गोदाम आहे आणि आत अडीच लाखांवर वस्तू आहेत. तिथं आधी मागणी नोंदवली की कपाटातली वस्तू आपल्यासमोर टेबलावर काढून ठेवतात, एका भेटीत पाचपर्यंत. पैसे पडत नाहीत, पण किमान दोन आठवडे आधी नोंदवावं लागतं. त्यामुळे दिवसाची खरी तयारी सोलापुरातून निघण्याआधीच सुरू करायची.

मागणी नोंदवताना बहुतेकांची गाडी स्पेलिंगवर अडते. ऑनलाइन सूचीत आजच्या स्पेलिंगने सोलापूर टाकलं आणि काही आलं नाही, की पोरं सोडून देतात. जुन्या नोंदी ब्रिटिश काळातल्या स्पेलिंगने आहेत, म्हणून ‘शोलापूर’, ‘पूना’, ‘मराठा’ऐवजी ‘महरट्टा’ असं टाकून पाहा. तरीही नाही मिळालं तर गावाचं नाव सोडून ‘डेक्कन’ आणि वस्तूचा प्रकार टाका: साडी, लुंगी, पागोटं. वस्तूच्या इतिहासाच्या रकान्यात ‘इंडिया म्युझियममधून 1879 मध्ये हस्तांतरित’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर ती आपल्या वाटणीतली.

क्रमांक वाचायलाही इथेच शिका. ब्रिटिश म्युझियमचे बरेचसे क्रमांक तारखेचे असतात. 1880,0709.79 म्हणजे 1880 साल, सातवा महिना, नऊ तारीख आणि त्या दिवशी नोंदलेली 79 वी वस्तू. व्ही अँड एच्या क्रमांकात ‘आय एस’ म्हणजे भारतीय विभाग आणि ‘टी’ म्हणजे कापड. टिपूच्या वाघाचा क्रमांक 2545 (आय एस) आहे. वस्तूखालच्या पाटीवर कुठलं कौतुक छापायचं हे काळाप्रमाणे बदलतं, क्रमांक बदलत नाही. वहीत आधी क्रमांक लिहायचा आणि वर्णन त्यानंतर.

जाण्याआधी एक रविवार तेरला द्या. धाराशिवहून वीसएक किलोमीटरवर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहन काळातली व्यापारी पेठ. इथली मृण्मूर्ती आणि हस्तिदंताचं काम पाहिलेल्या डोळ्याला अमरावतीचे दगड परके वाटत नाहीत. शिवाय एका वस्तूसमोर वीस मिनिटं उभं राहायचा सराव घराजवळ झालेला बरा. लंडनमध्ये पहिल्यांदा करायला गेलात तर पाचव्या मिनिटाला पाय पुढे निघतात.

आता प्रत्यक्ष दिवस. ब्रिटिश म्युझियम 10 वाजता उघडतं. प्रवेश फुकट आहे, तरी वेळेचं ऑनलाइन तिकीट काढून ठेवा. दारात बॅग तपासतात आणि चाकांची बॅग आत सोडत नाहीत. त्यामुळे विमानतळावरून थेट म्युझियमला जायचा बेत कागदावर कितीही छान दिसला तरी करू नका.

आत शिरलेली सगळी गर्दी डावीकडे चौथ्या दालनाकडे, रोझेटा शिळेकडे वळते. तुम्हीही जा, पण समोरून फोटो काढून परतू नका. कडेला जाऊन शिळेच्या बाजू पाहा. एका बाजूवर रंगवलेल्या इंग्रजी अक्षरांत, ब्रिटिश फौजेने 1801 मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केली, असं लिहिलंय आणि दुसऱ्या बाजूवर, राजा तिसरा जॉर्ज याची भेट. शिळेवर कोरलेल्या तीन लिप्यांपलीकडची ही चौथी नोंद, आणि बहुतेकांच्या फोटोत ती नसते. काचेभोवती चार रांगा असतील तर पहिल्या दालनात हिची प्रतिकृती आहे. तिच्याभोवती काच नाही आणि हातही लावता येतो.

तिथून 33 क्रमांकाच्या लांबलचक दालनाच्या टोकाला, 33 अ मध्ये अमरावती. सकाळचा मुख्य वेळ इथे खर्च करा. वॉल्टर इलियटने 1845 मध्ये खणून काढलेले हे दगड आधी मद्रासला आणि 1859 मध्ये लंडनला गेले. त्यांना ‘मार्बल्स’ म्हणतात खरं, पण तो संगमरवर नाही, पलनाडचा चुनखडक आहे. वर उल्लेख केलेली 1880,0709.79 ही शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूवर बोधिवृक्ष आहे, त्याखाली आसन आहे, भोवती हात जोडलेली माणसं आहेत, आणि आसन रिकामं आहे. बुद्ध माणसाच्या रूपात दाखवायचा नाही, त्याची जागा दाखवायची, असा तो काळ. पुढे तीनेकशे वर्षांनी हाच दगड उलटा करून पाठीवर अख्खा स्तूप कोरला. जागा तीच, दगड तोच, कारागिरांच्या दहा-बारा पिढ्या मध्ये. इथे कॅमेरा खिशात ठेवून शिसपेन्सिलीने ओबडधोबड का होईना चित्र काढा. हात चालला की डोळा थांबतो.

साडेबाराला बाहेर. पाच मिनिटांवर रसेल स्क्वेअरची बाग आहे, डबा तिथे खा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापुरातून नेता येते. खव्याचे पेढे, तूप वगैरे दुधाचे पदार्थ मात्र ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, आईने कितीही आग्रह केला तरी. शेंगाचटणीचा डबा खोलीत उघडण्याआधी सोबत राहणाऱ्यांपैकी कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी नाही ना, हे विचारा. तिकडे ही बाब थट्टेवारी नेण्यासारखी नाही.

हॉलबर्न किंवा टॉटनहॅम कोर्ट रोडवरून भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने सरळ स्ट्रॅटफर्ड, कुठे बदलायचं नाही. भाडं भरायला प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि ज्या कार्डाने आत शिरलात त्याच कार्डाने बाहेर पडा. आत कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना फोन टेकवला, की दोन अर्धे प्रवास धरून जास्तीत जास्त भाडं कापतात. स्ट्रॅटफर्डहून उद्यानातून चालत वीसएक मिनिटं.

स्टोअरहाउसमध्ये टेबलाशी बसताना शाईचं पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. कापड कर्मचारीच उलगडतात, हात लावायचा की नाही ते तेच सांगतात. रीड-पिक, म्हणजे दर इंचाला ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे किती, हे मोजायची आपल्याला घरापासून सवय, पण इथे काउंटिंग ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, कापडावर टेकवता येत नाही. म्हणून फोटोवरून मोजायचं. कापडाच्या अगदी लगत, त्याच पातळीवर पट्टी ठेवून घ्यायची परवानगी मागा. पट्टी खाली टेबलावर आणि कापड वर फोमच्या आधारावर, असं झालं की पट्टी कॅमेऱ्यापासून लांब पडून लहान दिसते आणि दर इंचाचे धागे कमी भरतात. फोन कापडाच्या बरोबर वर, समांतर धरा. एक फोटो पट्टी ताण्याला आडवी ठेवून काढा, दुसरा बाण्याला आडवी ठेवून. घरी आल्यावर एकाऐवजी तीन ठिकाणी मोजा. हातमागाचा ठोका सगळीकडे सारखा पडत नाही, त्यामुळे एका जागेचा आकडा फसवतो.

ताणा कुठला नि बाणा कुठला? किनार शाबूत असेल तर प्रश्न नाही, तिला समांतर तो ताणा. पण म्युझियममधले कितीतरी नमुने कापलेले तुकडे असतात. तिथे पिळाकडे पाहा. ताण्याचं सूत बहुधा जास्त पिळाचं आणि सरळ बसलेलं असतं. मागाच्या फणीच्या बारीक उभ्या रेघा दिसल्या तर खात्रीच.

हे कापलेले तुकडे कुठून आले, याचं एक उत्तर इंडिया म्युझियममध्येच आहे. तिथले प्रमुख जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी 1866 मध्ये भारतीय कापडाच्या 700 नमुन्यांचे 18 खंड तयार केले. असे 20 संच. पैकी 13 ब्रिटनमध्ये वाटले, 7 भारतात आले. हेतू उघड होता: इथलं गिऱ्हाईक काय नेसतं, किती लांबीरुंदीचं आणि किती वजनाचं नेसतं, हे तिकडच्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावं. नमुन्यासोबत लांबी, रुंदी, वजन नोंदलेलं असायचं. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1877 मध्ये, सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. लँकेशायरमधल्या प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियमकडे यातला एक संच आहे. तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम.

वाघनखांबद्दल प्रत्येक जण विचारतो. ती व्ही अँड एची. जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याला मांडली. ती साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती असं सोबतच्या डबीवर लिहिलंय. महाराजांनी वापरलेली हीच का, याची खातरजमा करता आलेली नाही, असं म्युझियम स्वतः सांगतं.

शुक्रवार असेल तर क्रम उलटा करा: आधी स्टोअरहाउस, मग ब्रिटिश म्युझियम. ते शुक्रवारी रात्री 8:30 पर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सहानंतर शाळांचे गट गेलेले असतात.

रात्री खोलीवर पोचल्यावर झोपण्याआधी फोटोंची नावं बदला: आधी वस्तूचा क्रमांक, मग बाजू, मग पट्टी कुठल्या दिशेला होती ते. क्रमांकातल्या स्वल्पविरामाच्या जागी आडवी रेघ द्या, कारण तक्त्यात चढवताना त्या स्वल्पविरामावर रकाना तुटतो. आणि ज्या फोटोचा क्रमांक वहीत नाही, तो पुसून टाका.