रात्री दोन वाजता बँकेत काय काम असतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. लिफ्टमध्ये विचारता, हळदीकुंकवाला विचारता, परवा आत्याबाईंनी बारशाच्या जेवणात सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, बँक तर संध्याकाळी बंद होते. मग रात्री दोनला कसलं काम?" दर वेळी मी "सिस्टिमचं" म्हणून मोकळी होते. त्या उत्तराचा मलाच आता वीट आलाय.

पुण्यात खराडीच्या ज्या इमारतीत मी काम करते तिथे नोटा नसतात, खातेदार येत नाहीत, आणि गृहकर्जाचा दर मला खरंच माहीत नसतो. आम्ही बँकेचा दिवस मिटवतो. बचत खात्याचं व्याज एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर मोजतात. म्हणजे रोज रात्री प्रत्येक खात्याची शिल्लक धरायची, व्याज मोजायचं, हप्ते वळते करायचे, ताळा जुळवायचा. एकामागे एक जॉब, म्हणजे यातलं एकेक काम करणारे प्रोग्रॅम, लागलेले असतात. एक अडकला की मागचे सगळे खोळंबतात. मी २०१३ मध्ये लागले तेव्हा एनईएफटी संध्याकाळी थांबायचं. १६ डिसेंबर २०१९ पासून ते चोवीस तास झालं, पुढच्या वर्षी १४ डिसेंबरला आरटीजीएसही. तुम्ही रात्री अकराला भावाला पैसे पाठवता आणि ते पोचतात, हे मला मनापासून आवडतं. पण आम्हाला आता दुकान बंद करून झाडता येत नाही. गिऱ्हाइकं आत असतानाच झाडावं लागतं.

यावर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला: एवढा त्रास आहे तर सोडत का नाहीस?

जुलै २०२२, पाच तारीख, हप्त्यांची रात्र. एक वाजून पन्नास मिनिटांनी कर्जाचे हप्ते वळते करणारा जॉब मध्येच थांबला. ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांना एकत्र जोडणाऱ्या फोनवर, सात-आठ जण, आणि सगळ्यांचं एकच, "किती वेळ लागेल?" मी रनबुक उघडलं, म्हणजे काय अडलं तर काय करायचं याच्या लेखी सूचना. त्यात लिहिलं होतं, 'जॉब थांबल्यास पुन्हा सुरू करावा.' मी सुरू केला, चेकरने, म्हणजे माझं काम तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाने, मंजुरी दिली. थांबला तिथून की पहिल्यापासून, हे त्या ओळीत नव्हतं. तो पहिल्यापासून सुरू झाला आणि ३१२ खात्यांमधून हप्ता दुसऱ्यांदा कापला गेला.

ताळा जुळेना तेव्हा कळलं. यादी काढली. ८,४१५, त्याच्याच खाली पुन्हा ८,४१५. तोच खाते क्रमांक, तीच तारीख. पुढचं खातं, तसंच. मी पानामागून पान खाली जात राहिले.

पैसे परत जमा करायची फाइल बनवायला, तपासायला, वरून मंजुरी यायला सकाळचे साडेअकरा वाजले. तोवर काही खात्यांत शिल्लकच उरली नव्हती. एका गृहस्थांचा विम्याचा हप्ता परत गेला. त्यांच्या तक्रारीचं रेकॉर्डिंग मी मागून घेऊन ऐकलं. ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "एकतीस वर्षं खातं आहे माझं. आजवर एकदाही काही परत गेलेलं नाही हो." दंड बँकेने भरून दिला. तो 'हो' मात्र माझ्या कानातून जात नाही.

अहवालात कारण लिहिलं गेलं, मानवी चूक. मी भांडले. सूचनाच अर्धवट असेल तर चूक माझी कशी? दोनदा चालला तर दोनदा पैसे कापेल, असा जॉब मुळात चालवतातच का? हे मुद्दे मला आजही बरोबर वाटतात. मग त्या पानाखालचं नाव पाहिलं. ती ओळ माझीच होती, २०१६ मधली.

तेव्हा तो जॉब मला तोंडपाठ होता. एवढं तर कुणालाही कळेल असं वाटायचं. त्या मुलीला विचारावंसं वाटतं, बाई, तू हे कुणासाठी लिहीत होतीस? ती म्हणते, मला दोन दिवसांत चाळीस पानं संपवायला सांगितली होती, पण तू तर त्या रात्री वाचत होतीस ना? तू का नाही थांबलीस? खरंय. विचारलं असतं तर दहा मिनिटं गेली असती. कॉलवरच्या आवाजांना घाबरून मी ती वाचवली.

नवरा म्हणतो, डेव्हलपमेंटच्या टीममध्ये बदली घे, रात्री तरी घरी राहशील. अर्ज दोनदा भरला, दोन्ही वेळा पाठवला नाही. कधी वाटतं, एकदा पोळलेलं माणूस तिथे जागं असलेलं बरं. कधी वाटतं, मी नुसतं प्रायश्चित्त घेत बसलेय आणि त्यापायी लेकीची दोन स्नेहसंमेलनं हुकली, त्या गृहस्थांना याचा काहीच उपयोग नाही.

येत्या पाच तारखेला पुन्हा माझीच पाळी आहे. त्या एका ओळीच्या जागी आता अकरा ओळी आहेत, तरी चेकर कोण असणार ते मी आजच विचारून ठेवलंय.