तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जीपचं ॲव्हरेज कसं वाढवायचं?

पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, वरंध घाटातल्या चहाच्या टपरीवर, कुठेही जीप उभी केली की कुणीतरी जवळ येतं, बॉनेटवर हात ठेवतं आणि विचारतं, "ॲव्हरेज किती देते हो?" आकडा सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं: "आमच्याकडे पण आहे, वडिलांची. सातच्या वर जातच नाही. काय करायचं?" उभ्याउभ्या याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझी गाडी महिंद्राची एमएम ५४०. २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. सपाट रस्त्याला ती लिटरला अकराच्या आसपास जाते आणि मी त्यात समाधानी आहे, कारण या इंजिनाची मर्यादा मला माहीत आहे. त्यात डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. हेडमधल्या एका छोट्या खोलीत आधी पेटतं आणि मग खाली येतं. त्या खोलीच्या भिंती बरीचशी उष्णता खाऊन टाकतात. नंतरची डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं कमी पितात ती मुख्यतः याच कारणाने. त्यामुळे जुन्या प्यूजो इंजिनातून पंधरा-सोळा काढायच्या आशेने कुणी पैसे घालू नयेत. पण सातवर अडकलेली गाडी दहा-अकरावर नक्की येते. त्यासाठी नवीन काही बसवावं लागत नाही. इतक्या वर्षांत कुठे काय जाम झालंय, काय काढून टाकलंय, कुठे काय गळतंय, ते शोधून गाडी पुन्हा मूळच्या स्थितीत आणायची, एवढंच काम आहे.

सुरुवात मोजण्यापासून करा. डिझेलच्या काट्यावर विसंबू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, दोन-तीनशे किलोमीटर फिरा, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा आणि भागाकार करा. इथे टायरचा हिशेब मात्र विसरायचा नाही. समजा २१५/७५ आर १५ च्या जागी कुणी ३१ इंची टायर घातले, तर चाकाचा व्यास सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. ओडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११२ किलोमीटर गेलेली असते. अशा गाडीचा मालक "ॲव्हरेज पडलं" म्हणतो, तेव्हा त्यातला काही भाग नुसता आकड्यातला असतो. उरलेला खरा असतो, कारण जड आणि रुंद टायर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. जुने बायस (आडव्या-तिरप्या धाग्यांच्या थरांचे) टायर काढून मूळ उंचीच्या जवळपासचे रेडियल घातले, हवा महिन्यातून दोनदा तपासली आणि टो-इन (पुढच्या चाकांचा किंचित आत वळलेला कोन) बरोबर करून घेतलं, तर गाडी हलकी पळते हे स्टिअरिंगवर हात ठेवल्याठेवल्या कळतं.

आता चाकांकडे. माझ्या मते निम्मी उत्तरं इथेच सापडतात आणि खर्च जवळजवळ शून्य. सपाट जागी गाडी उभी करा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एकेक चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा. पुढचं चाक मोकळं असेल तर दोन-चार फेरे आपसूक घेतं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं आणि आतून घासल्याचा आवाज आला, तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून चाललेत. मागचं चाक डिफरन्शिअल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) आणि शाफ्ट घेऊन फिरतं, त्यामुळे ते जड वाटणारच. तिथे डाव्या-उजव्याची तुलना करा. दुसरी परीक्षा रस्त्यावरची: वीसेक किलोमीटर जाऊन, शेवटी ब्रेक फार न वापरता गाडी थांबवा आणि चारही ड्रमजवळ हाताचा मागचा भाग न्या. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल, तर तिथेच तुमचं डिझेल जळतंय. कारण बहुतेक वेळा व्हील सिलिंडर (ब्रेक दाबल्यावर लायनर ड्रमकडे ढकलणारा) जाम, रिटर्न स्प्रिंग ढिल्या पडलेल्या, नाहीतर बेअरिंग गरजेपेक्षा आवळलेली. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या जीपमध्ये हे हमखास आढळतं.

फोर व्हीलबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत, पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसतं. फोर व्हील लावली की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक घसरतं आणि तो फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग ताण येतो टायरवर, जॉइंटवर आणि गिअरवर, आणि डिझेल जातं ते वेगळंच. म्हणून डांबरी रस्त्यावर कायम टू व्हील. पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब (चाक एक्सलच्या शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते 'फ्री'वर ठेवा; पुढचा शाफ्ट, क्राऊन-पिनियन सगळं थांबून राहतं. एकट्या हबने फार मोठा फरक पडत नाही, पण तो फुकटचा आहे. महिन्यातून एकदा हब लॉक करून, टू व्हीलमध्येच, थोडं अंतर चालवा म्हणजे पुढच्या एक्सलमध्ये तेल फिरतं.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल, मला मनापासून वाईट वाटतं. कधीतरी गाडी तापलेली असते, मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि म्हणतो, "आपल्या हवेत लागत नाही." गाडी तापायची थांबते आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात इंजिन त्यानंतर आयुष्यभर थंड चालतं. साधारण ८० अंशांच्या पुढे पाणी गेल्याशिवाय हे इंजिन डिझेल नीट जाळत नाही. थंड सिलिंडरमध्ये काही डिझेल अर्धवट जळतं, ऑइल घट्ट राहतं, झीज वाढते. थंडीच्या सकाळी दहा-पंधरा किलोमीटर जाऊनही टेंपरेचरचा काटा 'सी'पासून (थंडच्या खुणेपासून) हलत नसेल, तर थर्मोस्टॅटचं हाऊसिंग उघडून पाहा. आत बहुधा काहीच नसेल. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरच्या गॅसवर पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोरीने लटकत सोडा आणि शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पुरती मिटली पाहिजे. तो बसवल्यावर गाडी पुन्हा तापली, तर दुखणं रेडिएटरमध्ये किंवा वॉटर पंपमध्ये आहे. दुरुस्ती त्याची करा.

धुराकडे लक्ष ठेवा. चढावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी हवा बघा, ते सोपं आहे. ऑइल बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ ऑइलच्या वाटीत पकडणारा) असेल तर खालची वाटी काढा. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तळाशी गाळाचा थर सापडतो. धुऊन, खुणेपर्यंतच ऑइल भरा. मग नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं टोक. डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडे हातपंपाचं टेस्टर असतं. तिथे उभं राहून स्वतः पाहा: चांगल्या नोझलमधून कर्र आवाज होऊन धुक्यासारखी फवार येते, खराब नोझलमधून धार लागते किंवा टोकाला थेंब लोंबतो. पंपाचं कॅलिब्रेशन करताना "जरा पिकअप वाढवून द्या" असं कृपया सांगू नका. तो वाढलेला पिकअप सायलेन्सरमधून काळा होऊन बाहेर पडतो. टायमिंगही, म्हणजे डिझेल नेमक्या क्षणी फवारलं जातं का तेही, त्याच वेळी तपासून घ्या.

चालवण्याचं म्हणाल, तर जीपची काच उभी, छप्पर ताडपत्रीचं आणि अंग चौकोनी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटीहून अधिक होतो. पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ४५ ते ५५ चा वेग सांगते आणि या गाड्यांना तो अगदी मानवतो. वरचं रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंदच करतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय वरंधच्या उतारावर नुसत्या ड्रम ब्रेकवर गाडी सोडणं जिवावरचं आहे.

पेट्रोलवरच्या, कार्ब्युरेटर असलेल्या मारुती जिप्सीवाल्यांसाठी थोडं वेगळं. चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची लेव्हल बरोबर आहे का, प्लग काळे पडतात का, हे आधी बघा. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी असते, तेवढी घट धरूनच चाला आणि जुने रबरी पाइप बदलून घ्या. पेट्रोलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नका. त्याच पैशात एक व्हील सिलिंडर किट येतं.

हे सगळं करून त्याच रस्त्यावर पुन्हा टाकी भरून मोजा. तरीही आकडा सातवरच असेल, तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) मोजून घ्या. चारही एकसारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील तर क्लच घसरतोय का आणि डिझेलची रिटर्न लाइन कुठे पाझरतेय का ते पाहा. एक-दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली असतील, तर मात्र हेड उघडायची वेळ आली आहे.