माझी पिशवी पंढरीला गेली

काकूंनी आदल्या रात्रीच बजावलं होतं, "पहाटे पिशवी ट्रकवर टाकायची आणि मुक्कामाला पोचेपर्यंत तिचं नाव काढायचं नाही." मी हो म्हटलं. पहाटे सगळ्यांच्या पिशव्या ट्रकवर चढत होत्या, तेव्हा माझी मात्र मी गुपचूप पाठीला लावली. लोणी काळभोर ते यवत हा तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचा दमवणारा टप्पा. दुपारपर्यंत दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले.

पिशवीत दोन ड्रेस, चादर, बायबल आणि एक जाडजूड वही होती. वही नसती तर पिशवी मीही ट्रकवर टाकली असती. बारा वर्षं मी एका डोंगराळ भागात बायबल भाषांतराच्या कामात होते. तिथल्या बोलीतला एकेक शब्द त्या वहीत उतरवलेला. 'कृपा'साठी तीन पानं, 'क्षमा'साठी दोन, खाडाखोड, समासात म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेली उदाहरणं. खरं तर हे सगळं केव्हाच कॉम्प्युटरवर चढलंय. बायबलातला नवा करार छापून झाला, जुन्या कराराचं काम तिथल्याच मुलामुलींनी हाती घेतलं आणि मला प्रेमानं निरोप दिला. असंच व्हायला हवं होतं. आपली गरज उरली नाही म्हणजे काम नीट झालं, हे नव्या लोकांना मीच शिकवत आले होते. ते असं झोंबेल हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

परतल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीत सत्कार झाला, देवानं काय केलं ते सांगायची साक्ष झाली. मदत पाठवणाऱ्यांचे पैसे तीन महिने येत राहिले, मग थांबले. तेही ठरलेलंच होतं. "आता पुढं काय?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "प्रभू वाट दाखवील." हेच वाक्य डोंगरात शंभरदा बोलले असेन आणि खरं बोलले असेन. इथं ते तोंडातून निघालं की मलाच खोटं वाटे. तिकडे देवावर भरवसा ठेवताना पाठीशी प्रार्थना करणारी माणसं होती, दर महिन्याचे पैसे होते, लोक हाक मारतील असं एक काम होतं. यातलं एकेक गेल्यावर भरवसा नेमका कशावर होता, हा प्रश्न उरला. एका मुलाखतीत माझ्या निम्म्या वयाच्या मुलानं अदबीनं विचारलं, "मॅडम, ही मधली बारा वर्षं गॅप आहे का?"

शेजारच्या काकू वीसेक वर्षं वारी करतात. त्या म्हणाल्या, "घरात बसून भिंती बघतीस, त्यापेक्षा चल माझ्याबरोबर." आईला बघायला मावशी आली, पण चारच दिवस. म्हणून बारामतीपर्यंत जायचं ठरवलं. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "जा. वाटेत १२० ते १३४ म्हण." ही बायबलातली पंधरा आरोहणस्तोत्रं. यरुशलेमेला सणासाठी चालत जाणारे लोक ती वाटेत गात, असं मानतात. आम्ही ती पंख्याखाली बसून म्हणतो.

दिंडीत मी टाळाचा ठेका धरला, मनात नाव माझ्या प्रभूचं होतं. हे वाचून दोन्हीकडची काही माणसं नाराज होतील. होऊ देत.

आमच्याकडे वारीचा विषय निघाला की कुणीतरी ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांची आठवण काढतंच: तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मला त्या पुलापेक्षा १९१७ साल आठवत होतं. त्या वर्षी त्यांनी मिशनचा पगार सोडला, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. वय पंचावन्नच्या घरात. अर्थात त्यांनी पगार सोडला होता; माझा बंद झाला होता. आपण दोन्हीला एकच गोड नाव देऊन मोकळे होतो, ते काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी यवतहून वरवंडला जाताना चौफुला लागला. इथून केडगावला रस्ता फुटतो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. टाचेला फोड आला होता, म्हणून कडेला टेकले. भाषांतराचं काम करणारीला रमाबाई म्हणजे पाठ असलेला धडा: हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल, मुक्तीतल्या बायकांनी जुळवलेले छपाईचे खिळे. पण त्या कोपऱ्यावर बसल्यावर मला त्यांचे पाय आठवले. त्यांचं लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत, पायी गेलेलं. मग दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. पुढं इथं माळरानावर शेकडो बायका-मुलींचं घर उभं केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ साली.

म्हणजे वही त्यांच्याही हातातून सुटलीच होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहिलंही असेल. फोड फोडताना कळलं एवढंच.

काकू मागून आल्या, पाय बघितला, पिशवी बघितली. "उद्या ट्रकवर टाकतीस का मी टाकू?"

वरवंडला पहाटे टाकली. पेंटनं दिंडीचा नंबर घातलेला ट्रक निघून गेला आणि मला एकदम थंडीच वाजली. रोटीच्या घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, सगळे ते बघत होते. मी येणारेजाणारे ट्रक बघत होते. संध्याकाळी उंडवडीला पोचलो तर पाऊस, चिखल, आणि आमचा ट्रकच आलेला नाही. दिंडीतल्या बायका निवांत पाय चोळत बसल्या. एकटी मीच दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जात होते.

एक आजी म्हणाल्या, "माउली, बस की खाली. ट्रकबी पंढरीलाच चाललाय, जाईल कुठं?"

बसले. त्यांना कळलं होतं की मी ख्रिस्ती आहे. त्यांनी विचारलं, "तुमच्यात उपास असतो का गं?" मी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांबद्दल सांगितलं. "आई गं, चाळीस! मग आमची एकादशी काय अवघड तुला?" आणि मग, "तुमच्यात देवावर भाव ठेवतात त्याला काय म्हणतात?"

मी 'विश्वास' म्हणणार होते. तेवढ्यात नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय आठवला. मराठी बायबलात तिथं 'भाव ठेव' असंच आहे. बारा वर्षं दुसऱ्या भाषेत योग्य शब्द शोधणारी मी, माझ्याच भाषेतल्या या शब्दाकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. नोकरी शोधायला लागल्यापासून 'भाव' म्हटलं की मला फक्त बाजारच आठवत होता, त्यात माझा काय लागतो ते.

"भावच म्हणतात," मी म्हटलं.

"मग झालं तर," म्हणून आजी आडव्या झाल्या. ट्रक रात्री नऊला आला.

बारामतीला शेवटचा मुक्काम. सकाळच्या एसटीनं मी परतायचं होतं. पहाटे पाणी भरायला टँकरपाशी गेले, परत येईतो पोरांनी राहुटीतल्या साऱ्या पिशव्या ट्रकवर चढवल्या होत्या. माझीही. ट्रक सणसरच्या वाटेला लागलेला. काकू हसून हसून रडायच्या बाकी राहिल्या. मला आधी संताप आला, मग वहीची काळजी, आणि मग, फलाटावर एसटीची वाट बघताना, हात इतके रिकामे वाटले की ते कुठं ठेवावेत कळेना.

घरी पोचले तेव्हा हातात छत्री आणि पाण्याची बाटली. आईनं विचारलं, "पिशवी कुठंय?"

"पुढं गेली."

दोनतीन दिवसांनी निमगाव केतकीहून काकूंचा फोन आला. "वही उघडून पाहिली गं तुझी, एक अक्षर कळत नाही. माझ्या वळकटीत ठेवलीय."

मी म्हटलं, "ओली होऊ देऊ नका."

"तुला काय करायचंय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.