माणूस गेला त्या घरात हसलं तर चालतं का?

कुठे विमान पडलं, पूर आला, पूल कोसळला की तासाभरात त्यावरचे जोक फिरायला लागतात आणि लगेच भांडणही सुरू होतं. काहीजण म्हणतात लाज कशी वाटत नाही, काहीजण म्हणतात अरे हसूनच तर माणूस दुःख पचवतो. हे भांडण इतक्या वेळा वाचलंय की दोन्हीकडचे डायलॉग पाठ झालेत. मला वाटतं दोघं वेगवेगळ्या हसण्याबद्दल बोलतायत. ज्याच्यावर कोसळलंय त्याचं हसणं वेगळं, लांबून बघणाऱ्याचं वेगळं, आणि वाईट याचं वाटतं की आपण समोरासमोर ओरडतो ते बहुतेक वेळा पहिल्यावरच.

बाबा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मोबाईलवर लोनवाल्या कॉल सेंटरचा फोन आला. आईने उचलला, स्पीकरवर होता. पलीकडची मुलगी म्हणाली सरांचं पर्सनल लोन प्री-अप्रूव्ह झालंय, त्यांच्याशी बोलायचं होतं. आई म्हणाली, "ते वारले." त्या मुलीच्या समोर बहुतेक स्क्रिप्ट असणार, तिने ऐकलं की नाही कोण जाणे, ती म्हणाली, "ओके मॅम, मग सरांना कोणत्या वेळेला कॉल करू?" आई क्षणभर थांबली आणि एकदम साध्या आवाजात म्हणाली, "अगं, त्यांच्याशी बोलणं झालंच तर मला पण सांग, कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते विचारायचंय."

आम्ही सगळे फुटलो. म्हणजे पोट धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग ते पाणी थांबेना. बाबा किल्ल्या कुठेही ठेवायचे, चपलांच्या रॅकमध्ये, पुस्तकात, एकदा तर फ्रीजमध्ये सापडल्या होत्या, आणि आई आयुष्यभर त्या शोधत आली. तिच्या त्या एका वाक्यात बाबा पूर्णच्या पूर्ण होते, त्या दिवसांत भेटायला आलेल्या कुणाच्याही "फार चांगला माणूस होता हो" मध्ये नव्हते तेवढे. आणि तेवढ्यात खोलीत बसलेल्या एका नातेवाईकांनी आईकडे बघून म्हटलं, "हळू गं, लोक काय म्हणतील."

मला त्या वाक्याचा आजही संताप येतो. जिचा नवरा गेलाय तिने किती रडायचं, किती दिवस रडायचं आणि हसू आलं तर किती आवाजात हसायचं हे बाकीच्यांनी ठरवायचं? बाईच्या बाबतीत तर हे हमखास होतं, ती हसली की लगेच तिच्या प्रेमावरच शंका.

व्हिक्टर फ्रँकल म्हणून व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आलेले. त्यांनी लिहून ठेवलंय की छावणीत बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका मित्राशी त्यांनी ठरवलं होतं, रोज एक तरी विनोदी किस्सा रचायचा आणि तो सुटकेनंतरच्या आयुष्यातला असला पाहिजे. हा मित्र सर्जन. साइटवर वरचा साहेब पाहणीला आला की मुकादम कैद्यांवर ओरडायचा, "ॲक्शन! ॲक्शन!" म्हणजे हात चालवा. तर फ्रँकल मित्राला म्हणाले, एक दिवस तू परत ऑपरेशन थिएटरमध्ये उभा असशील, पोटाचं मोठं ऑपरेशन चाललेलं असेल, आणि वॉर्डबॉय धावत येऊन मोठे डॉक्टर आल्याची वर्दी देईल, "ॲक्शन! ॲक्शन!" दुसरे कैदी म्हणायचे, सुटल्यावर कुणी आपल्याला जेवायला बोलावलं आणि सूप वाढायला घेतलं की आपण भान विसरून यजमानीणबाईंना विनवू, "जरा तळापासून वाढा हो." छावणीतलं सूप म्हणजे नुसतं पाणी, काही चार दाणे असले तर ते तळाशी, आणि वाढणाऱ्याने पळी तळापर्यंत घातली की नाही यावर त्या दिवशी पोटात काय जाणार ते ठरायचं.

हा जोक आहे आणि तो वाचून मला रडू येतं. असल्या विनोदाला कुणी अनुचित म्हणेल का? कुणीच नाही म्हणणार. मग आपल्या घरात, आपल्या हॉस्पिटलच्या खोलीत तेच घडलं की आपल्याला ते का कळत नाही?

आता एक अभ्यास आहे तो मला बरेच दिवस खटकत होता. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं, तेव्हा विनोदाचा अभ्यास करणारे पीटर मॅग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वादळावरचे विनोदी ट्वीट दाखवून वेगवेगळ्या वेळी विचारलं की किती हसू येतंय. वादळ धडकायच्या आधी येत होतं, नुकसान कळल्यावर ते एकदम उतरलं, मग चढत चढत साधारण 36 व्या दिवशी सगळ्यात जास्त झालं आणि 99 व्या दिवसापर्यंत परत ओसरलं. म्हणजे हसायला थोडं अंतर लागतं, फार झालं तर मजाच जाते. बरोबर वाटतं ऐकायला. पण आईच्या त्या वाक्यात अंतर कुठे होतं? शून्य. फ्रँकल तर त्या छावणीच्या आतच होते. माझ्या मते हा अभ्यास लांबून हसणाऱ्यांचं हसणं मोजतो, आणि तेवढ्यापुरता तो खराच आहे. जवळच्या माणसाचं हसणं कॅलेंडरवर चालत नाही, ते पहिल्या तासातही येतं आणि दहा वर्षं येतही नाही. म्हणून "अजून फार लवकर आहे" हे वाक्य परक्याला ऐकवायला ठीक आहे, घरच्याला ऐकवायचा अधिकार कुणालाच नाही.

आणि लांबच्यांचं बोलायचं तर गिल्बर्ट गॉटफ्रीडचं उदाहरण घ्या. हे अमेरिकन कॉमेडियन होते, एका विमा कंपनीच्या जाहिरातीतल्या बदकाला तेव्हा त्यांचा आवाज होता. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, हजारो माणसं वाहून गेली, अजून प्रेतं सापडायची होती आणि यांनी ट्विटरवर एकामागून एक जोक टाकले. कंपनीचा मोठा धंदा जपानमध्येच होता, तीन दिवसांत त्यांना काढलं. काढावं की नाही हा वेगळा वाद, मला त्रास त्याचा झाला की त्या जोकमध्ये ज्याच्यावर कोसळलं तो माणूस कुठे नव्हताच. वाहून गेलेल्याचा कसलाही मागमूस नाही. त्यापेक्षा ब्रिटिश कॉमेडियन जॉन क्लीज बघा. त्यांच्याच मॉन्टी पायथन या विनोदी ग्रुपमधले मित्र ग्रॅहम चॅपमन 1989 च्या ऑक्टोबरमध्ये कॅन्सरने गेले, वय 48. डिसेंबरमध्ये शोकसभा होती, क्लीज उभे राहिले, आधी नेहमीची हळहळीची वाक्यं म्हटली आणि मग एकदम म्हणाले की छे, गेला ते बरं झालं, फुकट्या मेला! सभागृह हसतंय. आणि लगेच सांगितलं की तुम्हाला धक्का द्यायची ही संधी मी सोडली असती तर ग्रॅहमने मला कधी माफ केलं नसतं. कागदावर बघितलं तर क्लीज यांचं वाक्य गॉटफ्रीडच्या जोकइतकंच कठोर आहे, पण ते बोलायला त्या माणसाबरोबर पंचवीसेक वर्षं काढावी लागतात.

लांबून हसणारा प्रत्येक जण निर्दय असतो असंही मी म्हणणार नाही. 1986 च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटलं, सात अंतराळवीर गेले, त्यात एक शाळेतली शिक्षिका होती, आणि त्यावर अमेरिकेत अतिशय ओंगळ जोकची लाट आली. लोकसाहित्याचे अभ्यासक एलियट ओरिंग यांनी त्यावर लिहिलं की यातला बराचसा रोख टीव्हीवर होता, तोच स्फोट पुन्हा पुन्हा दाखवायचा, तेच गंभीर चेहरे, आणि मध्येच जाहिरात. हे मला पटतं. चोवीस तास कुणी तुमच्या गळ्यात दुःख कोंबत राहिलं की माणूस कुठेतरी उलटतोच. पण तो राग चॅनेलवर काढा ना, त्या शिक्षिकेने काय केलं होतं? तिच्या शाळेतली मुलं तिचं उड्डाण बघत बसली होती त्या दिवशी.

खरं अवघड काय आहे तर मधली माणसं. डॉक्टर, नर्स, अ‍ॅम्ब्युलन्सवाले, अग्निशमन दलातले, जे रोज मरण हाताळतात पण गेलेला माणूस त्यांचा कुणी नसतो. त्यांचे जोक सगळ्यात काळे असतात आणि मला मनापासून वाटतं की त्यांना ते लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर कसे येतील? बाबांच्या शेवटच्या रात्री आयसीयूच्या पडद्याआडून मला एक वाक्य ऐकू आलं. बेड नंबर घेऊन बोलत होते, कुणाची पैज लागली होती की हा पेशंट शिफ्ट संपायच्या आत जातो की नंतर, आणि कुणीतरी हसलं. नंबर आमचाच होता. जो हसला त्यानेच थोड्या वेळाने येऊन बाबांची उशी सरळ केली, मला खुर्ची आणून दिली, रात्रभर दर थोड्या वेळाने येऊन बघून जात होता, पहाटे मॉनिटर वाजला तेव्हा सगळ्यात आधी तोच धावला. मी त्याची तक्रार केली नाही आणि करणारही नाही. त्यांनी आपापसात काय वाटेल ते बोलावं, त्यांच्या आराम करायच्या खोलीत, दार लावून. पण त्या पडद्याला आवाज अडत नाही, आणि पलीकडे कोण बसलंय हे त्यांना माहीत होतं.