कापसाच्या हिशेबातला चार्ली पॅटन

अमेरिकेतल्या मेंफिसहून हायवे 61 ने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात चढउतार संपतात आणि मिसिसिपीचा डेल्टा लागतो. पुराच्या गाळाची सपाट, काळपट जमीन. ऑक्टोबर असल्याने दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, पण झाडांवर पान नाही. वेचणी यंत्राने होते, म्हणून आधी फवारणी करून पानं गाळून टाकतात. मी अकोल्याचा, त्यामुळे गाडी चारदा थांबवली. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात इथला कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा आमच्या वऱ्हाडी कापसाला भाव चढला होता.

क्लार्क्सडेलच्या प्रसिद्ध चौकात खांबावर निळ्या गिटारी लावल्यात. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज (काळ्या अमेरिकनांचं लोकसंगीत) गिटारवादकाने इथे सैतानाला आत्मा विकून वादन मिळवलं म्हणे. ही कथा आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाची म्हणून सांगितली जायची, पण पर्यटकांना त्याचं काय! फोटो काढणाऱ्यांची रांग होती. मी पुढे निघालो.

मला पाहायचं होतं ते ब्लूज गायक चार्ली पॅटनचं डॉकरी फार्म्स, क्लीव्हलंड आणि रूलव्हिलच्या मधे, सनफ्लॉवर नदीकाठी. विल डॉकरीने 1895 मध्ये जंगल तोडून वसवलेला हा मळा वाढत वाढत सुमारे 25 हजार एकरांचा झाला. जिनिंगची इमारत अजून उभी आहे. पत्रे गंजलेत, आतली यंत्रं मात्र जागच्या जागी. दोन हजारांवर माणसं इथे राबायची, बहुतेक काळी, बहुतेक बटईने. मालक बी-बियाणं, खेचर आणि वर्षभराची खावटी देणार, तीही त्याच्याच दुकानातून. मळ्याची स्वतःची नाणीसुद्धा होती. वर्षाअखेरी हिशेब व्हायचा. वही मालकाची, आकडे मालकाचे. डेल्टात कित्येक कुटुंबांच्या नावावर शेवटी कर्जच उरायचं.

1900 च्या सुमारास पॅटन कुटुंब इथे राहायला आलं. त्यांचा पोरगा चार्ली कापूस वेचण्यात रमणारा नव्हताच. शनिवारी मजुरांच्या हातात पैसे पडायचे, तेव्हा तो दुकानासमोर वाजवायचा आणि रात्री पुलापलीकडच्या घरात नाच रंगायचे. चणीने लहान, आवाज खरबरीत. गिटार डोक्यामागे धरून वाजवी, लाकडावर थापा मारून ठेका धरी. पुढे शिकागो गाजवणारा हाउलिन वुल्फ गिटार शिकला तो याच्याकडूनच.

तिथल्या बाकावर बसून मी फोनवर त्याची 1929 ची रेकॉर्डिंग्ज ऐकली. खरखर इतकी, की निम्मे शब्द हरवतात. जे कळतात त्यात सैतान फारसा नाही. बोंडं खाणारा सोंड्या भुंगा आहे, 1927 चा महापूर आहे, ओळखीचा पोलीस अधिकारी आहे. आणि 1934 च्या ‘34 ब्लूज’मध्ये तर त्याला डॉकरीवरून हाकलून देणारा मुकादम थेट नावानिशी येतो. मला हे धाडस चौकातल्या सौद्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. काळ्या माणसाने गोऱ्या मुकादमाचं नाव घेऊन गायचं, तेही त्या काळच्या मिसिसिपीत!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. कबर इंडियनोलाजवळ हॉली रिजला आहे. दगड बसायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला आणि पैसे दिले रॉक गायक जॉन फोगर्टीने. शेजारीच जिनिंग आहे.

1944 मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर वेचणी यंत्रांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. मजुरांची गरज उतरणीला लागली आणि काम शोधत शिकागोला जाणाऱ्यांनी गाड्या आणखी भरल्या. ब्लूज गायक मडी वॉटर्स वर्षभर आधीच, 1943 मध्ये, गेला होता. आता शेतात माणूस दिसत नाही, प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे गोल गठ्ठे तेवढे पडलेले असतात.

जाणार असाल तर गाडी हवीच, बसच्या भरवशावर राहू नका. वाटेत हॉट तमाले खा: मक्याच्या सालीत गुंडाळून शिजवलेलं मक्याचं पीठ, आत तिखट मांस. शाकाहारी मंडळींनी डबा सोबत ठेवावा. आणि वेळ कमी असेल तर चौक गाळा, डॉकरी नको.